कृषि पदवीधराची पहिली नोकरी : शोध कसा करावा व काय टाळावें

शेतकरी बंधूंनो, मुलाच्या किंवा मुलीच्या कृषि महाविद्यालयांतील चार वर्षांसाठीं आपण काय काय केलें, हें आपणांस कोणी सांगावयास नको. कोणीं दुभती म्हैस विकली, कोणीं सोसायटीच्या कर्जाची फिरवाफिरव केली, कोणीं विहिरीचें खोदकाम दोन वर्षें लांबणीवर टाकलें. अखेरच्या सत्राचा निकाल लागतो, पदवी हातांत येते, आणि त्याच दिवसापासून घरांत एक प्रश्न उभा राहतो, ‘आतां पुढें काय?’ पहिले दोन महिने हा प्रश्न शेजारीपाजारी विचारतात. पुढें तो मुलगा स्वतःलाच विचारूं लागतो. सहा महिन्यांनंतर तो घरांत कोणीच विचारीत नाहीं. ही शेवटची अवस्था सर्वांत वाईट होय. ती येऊं नये, एवढ्यासाठीं हा पाठ लिहिला आहे. तो मुलांनीं वाचावाच, परंतु वडीलमाणसांनींहि वाचावा. कारण पहिल्या नोकरीच्या शोधांत घरच्या माणसांचा वांटा कमी नसतो.

१. पदवीनें काय मिळतें

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषि विद्यापीठें १९६८ ते १९७२ या काळांत स्थापन झालीं. आज त्यांच्या घटक व संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षीं हजारों पदवीधर बाहेर पडतात. या सर्वांचा अभ्यासक्रम बहुतांशीं एकच, प्रमाणपत्राचा नमुनाहि जवळजवळ एकच. तेव्हां नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर जेव्हां शंभर अर्ज येऊन पडतात, तेव्हां पदवी हें अर्जदारास आंत येऊं देणारें तिकीट ठरतें. त्यास वेगळा काढून दाखविण्याचें काम तिच्या हातून होत नाहीं. तें काम अर्जदारानें स्वतः केलेल्या व दुसऱ्यास दाखवितां येईल अशा कामानेंच होतें. हें एक तत्त्व नीट ध्यानांत आलें, म्हणजे पुढील सर्व गोष्टी सहज समजतील.

२. कामें कोठें आहेत

आपल्याकडे ‘नोकरी’ म्हणजे सरकारी नोकरी असा समज फार दिवसांचा आहे. ती मिळाली तर उत्तमच. परंतु तिच्या जागा मोजक्या, व परीक्षेस बसणारे फार. म्हणून पदवीधरानें कामाच्या सर्व वाटा प्रथम एका कागदावर मांडाव्या.

बियाणें, खतें, औषधें व ठिबक सिंचनाचें साहित्य विकणाऱ्या कंपन्या दरवर्षीं नवीं माणसें घेतात. हें काम नांवानें ‘अधिकारी’ पदाचें असलें तरी मुख्यतः विक्रीचें असतें, हें आधींच समजून घ्यावें. मोटारसायकलवर रोज दूरवर हिंडणें, दुकानदाराची उधारी वसूल करणें, महिन्याचें उद्दिष्ट पुरें करणें, हा त्याचा गाभा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. शेतकरी माल कां घेतो व कां घेत नाहीं, हें ज्ञान याच कामांत मिळतें.

साखर कारखान्यांत शेतकी विभाग असतो. ऊसनोंदणी, लागवडीच्या तारखा, तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांची व वाहनांची व्यवस्था हीं त्याचीं कामें. येथें पदवीधराचा संबंध गटांतील प्रत्येक शेतकऱ्याशीं येतो. तोडणीची पाळी चुकली असा ज्याचा ग्रह झाला आहे, अशा शेतकऱ्यासमोर उभें राहून शांतपणें उत्तर देण्याचा जो अभ्यास येथें होतो, तो कोणत्याहि वर्गांत होत नाहीं.

शेतकरी उत्पादक कंपन्या हें तिसरें क्षेत्र. कंपनी कायद्यांत त्यांची तरतूद २००२ सालच्या दुरुस्तीनें झाली, व २०२० सालीं केंद्र सरकारनें अशा दहा हजार संस्था उभारण्याची योजना हातीं घेतली. अशा संस्थेस हिशेब, खरेदी, प्रतवारी व बाजार यांची माहिती असलेला माणूस हवा असतो. पगार बहुधा बेताचाच असतो. परंतु दोन वर्षांत सर्व कारभार एकाच टेबलावरून पाहावयास मिळतो.

याखेरीज बँकांतील कृषि क्षेत्र अधिकारी, दूधसंघ, निर्यातीच्या द्राक्षांचीं व डाळिंबांचीं पॅकहाउसें, माती परीक्षण प्रयोगशाळा, पीक विम्याच्या कंपन्या, कृषि विज्ञान केंद्रें, पाणलोटाचें काम करणाऱ्या संस्था, रोपवाटिका, असे अनेक मार्ग आहेत. पहिल्या नोकरीची निवड करतांना केवळ पगाराचा आंकडा पाहूं नये. ‘दोन वर्षांनंतर मला असें काय करतां येईल, जें आज येत नाहीं?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा. ज्या जागेचें उत्तर अधिक समाधानकारक, ती जागा अधिक चांगली.

३. परीक्षेस मुदत हवी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची कृषि सेवेची परीक्षा किंवा बँकांची परीक्षा देऊं नये, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु ज्या रीतीनें ती पुष्कळदां दिली जाते, ती रीत घरास जड जाते. मुलगा पुण्यास पेठेंत खोली घेतो, अभ्यासिकेंत जागा घेतो, खानावळ लावतो. वडील दर महिन्यास पैसे पाठवितात. जाहिरात लांबते, परीक्षा पुढें जाते, निकाल अडकतो. दोन वर्षांचीं पांच वर्षें केव्हां झालीं, हें कोणास कळत नाहीं. नंतर तो बाहेर येतो तेव्हां पदवी जुनी झालेली असते, शेतावरचा हात गेलेला असतो, आणि मनांत अपयशाची सल राहिलेली असते.

यावर उपाय एकच. परीक्षेस बसण्यापूर्वीं घरच्या सर्व माणसांनीं एकत्र बसून प्रयत्न किती करावयाचे, महिना खर्च किती, व अखेरची तारीख कोणती, हें कागदावर लिहून ठेवावें. आमच्या मतें दोन वर्षें ही मर्यादा पुरेशी आहे. बँकांच्या कृषि क्षेत्र अधिकाऱ्यांच्या परीक्षेस वीस ते तीस वर्षें वयाची अट असते. म्हणजे कांहीं काळ नोकरी करूनहि ती देतां येते. काम करीत असतांना अभ्यास मंद चालतो हें खरें, परंतु काम न करतां बसलेल्या माणसाचा अभ्यास चिंतेमुळें मंद चालतो, हेंहि तितकेंच खरें.

४. केलेल्या कामाचें टिपण

पदवीच्या अखेरच्या काळांत विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं एका गांवीं जाऊन राहतात. गांवकरी त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतात. पुष्कळ विद्यार्थी हा काळ छायाचित्रें काढण्यांत व वहीच्या रकान्यांत मजकूर भरण्यांत घालवितात. वस्तुतः नोकरीच्या अर्जास लागणारा सर्व मालमसाला याच काळांत तयार होतो.

रोज एका वहींत चार गोष्टी लिहाव्या : कोणत्या पिकावर, किती क्षेत्रांत, काय केलें, आणि त्याचा परिणाम काय झाला. परिणाम वाईट झाला असेल तर तोहि लिहावा. बीजप्रक्रिया केलेलें व न केलेलें बियाणें शेजारीं शेजारीं पेरून उगवण मोजली असेल, तर दोन्ही आंकडे लिहावे. जनावरांच्या लसीकरणास किती लोक आले व कां आले नाहींत, हें लिहावें.

अर्जांतील दोन वाक्यें ताडून पाहावीं. पहिलें असें : ‘मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी असून कोणतेंहि काम करण्यास तयार आहें.’ दुसरें असें : ‘कार्यानुभवाच्या काळांत मीं कापसाच्या अकरा शेतांत कामगंध सापळे लावून रोज सकाळीं गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजले. एका सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ पतंग ही मर्यादा चार शेतांत ओलांडली. त्या चौघांस मीं त्याच दिवशीं कळविलें. तिघांनीं फवारणी केली, एकानें केली नाहीं. चारहि शेतांतील किडकीं बोंडें मीं पुढें मोजून ठेविलीं आहेत.’

पहिलें वाक्य शंभर अर्जांत असतें. दुसरें वाचणारा अधिकारी थांबतो, आणि त्या चौथ्या शेतांत पुढें काय झालें, हें विचारण्यासाठीं मुलास बोलावितो. मात्र असें वाक्य काम केल्यावांचून लिहूं नये. शेताविषयींचें खोटें दोन प्रश्नांत उघडें पडतें.

अर्ज एका पानाचा असावा. सर्व ठिकाणीं एकच मजकूर पाठवूं नये. कारखान्यास लिहितांना ऊस वर यावा, दूधसंघास लिहितांना चारा व जनावरें वर यावीं.

५. माणसांस भेटणें

जाहिरात पाहून अर्ज करणें हा शोधाचा अर्धा भाग झाला. पुष्कळ लहान जागांची जाहिरात होतच नाहीं. दुकानदार, वरिष्ठ प्रतिनिधी किंवा कृषि विज्ञान केंद्रांतील शास्त्रज्ञ ‘एखादा चांगला मुलगा आहे का?’ असें विचारतात, व जें नांव आठवतें त्यास बोलावणें जातें. हा वशिला नव्हे. ही ओळख होय. वशिल्यांत माणसाचें काम कोणी पाहत नाहीं, ओळखींत तेंच पाहिलें जातें.

म्हणून पदवीधरानें वीस नांवांची यादी करावी. आपल्याच महाविद्यालयांतून तीनचार वर्षांपूर्वीं बाहेर पडलेले विद्यार्थी, तालुक्यांतील दोन चांगलीं कृषि सेवा केंद्रें, जवळच्या कारखान्याचा शेतकी अधिकारी, उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक, ज्यांच्या शेतावर आपण राहिलों ते प्रगतिशील शेतकरी, हीं नांवें त्यांत यावीं. दर आठवड्यास दोघांस भेटावें. भेटींत प्रथमच नोकरी मागूं नये. सरळ म्हणावें, ‘दादा, मी नोकरी मागायला आलों नाहीं. तुमचें काम रोज कसें चालतें, तें समजून घ्यायचें आहे. अर्धा तास मिळेल का?’ नोकरी मागितली म्हणजे समोरचा माणूस ‘नाहीं’ म्हणून मोकळा होतो. काम विचारलें म्हणजे तो बसवून घेतो, चहा मागवितो, व बोलूं लागतो. निघतांना एवढेंच विचारावें, ‘आणखी कोणास भेटूं?’ एका नांवाचीं दोन होतात. भेटीचा दिवस, ऐकलेली माहिती व पुढचें नांव वहींत टिपावें, आणि महिन्याभरानें त्या माणसास आपण काय केलें तें कळवावें.

नकार येतील. दहा भेटींत नऊ ठिकाणीं कांहींच निष्पन्न होणार नाहीं. उगवण कमी झाली म्हणून शेतकरी नांगर विकीत नाहीं. नांगे भरतो व पुढें जातो.

६. मुलाखत

मुलाखतींत मोठमोठे प्रश्न क्वचितच येतात. बहुधा साधें गणित येतें, व तेथेंच पुष्कळ जण अडतात. एक उदाहरण घेऊं.

अधिकारी विचारतो, ‘तुरीचें एक हेक्टर. शिफारस २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद. डी.ए.पी. व युरिया दोनच खतें आहेत. काय द्याल?’

डी.ए.पी.मध्यें १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असतें. ५० किलो स्फुरदासाठीं सुमारें १०९ किलो डी.ए.पी. लागेल. त्यांतूनच साडेएकोणीस किलोंच्या आसपास नत्र मिळेल. राहिलेलें साडेपांच किलो नत्र ४६ टक्क्यांच्या युरियांतून द्यावयाचें, म्हणजे सुमारें १२ किलो युरिया. येथपर्यंत पुस्तकी उत्तर झालें. चांगला उमेदवार पुढें म्हणतो, ‘शेतकरी एकरावर बोलतो, म्हणून मी त्यास एकरीं साडेत्रेचाळीस किलो डी.ए.पी. व पावणेपांच किलो युरिया असें सांगेन.’ अधिकारी पुन्हां विचारतो, ‘डी.ए.पी. मिळालें नाहीं तर?’ तर १६ टक्के स्फुरदाचें सिंगल सुपर फॉस्फेट हेक्टरीं सुमारें ३१३ किलो व युरिया ५४ किलो. युरियाची पिशवी २०१८ पासून ५० ऐवजीं ४५ किलोंची झाली, हें ज्यास ठाऊक आहे, तो दुकानावर उभा राहिलेला मुलगा आहे, हें अधिकारी लगेच ओळखतो.

जें येत नाहीं, तें ‘येत नाहीं’ म्हणावें. चुकीची मात्रा आत्मविश्वासानें सांगणारा माणूस शेतकऱ्याचें पीक जाळतो, म्हणून जाणता अधिकारी अशा माणसास घेत नाहीं.

७. चार गोष्टींपासून सावध

पहिली गोष्ट, नोकरीसाठीं पैसे मागणारा. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, अनामत, गणवेशाचे पैसे, नांव कांहींहि असो, नेमणुकीपूर्वीं जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते. सरकारी जागा ‘करून देतो’ म्हणणाऱ्यास जमीन गहाण ठेवून पैसे देऊं नयेत. जागा मिळत नाहीं, पैसे परत येत नाहींत, व तक्रार करावयास तोंड राहत नाहीं.

दुसरी गोष्ट, मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेणारा. मूळ कागद दाखवावे, साक्षांकित प्रती द्याव्या, आणि मूळ कागद घरीं परत आणावे.

तिसरी गोष्ट, नेमणूकपत्र न वाचणें. ‘वार्षिक पॅकेज’ म्हणून जो आंकडा सांगितला जातो, त्यांत मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्साहि धरलेला असूं शकतो. शिवाय नोकराच्या मूळ वेतनांतून १२ टक्के त्याच निधींत जातात. म्हणून दरमहा हातांत किती पडणार, पेट्रोलचा भत्ता किलोमीटरला किती, उद्दिष्ट पुरें न झाल्यास काय, परिवीक्षेचा काळ किती, व नोकरी सोडतांना किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, हे पांच प्रश्न नम्रपणें पण लेखी विचारावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आपल्याच गांवांत घडते. कीटकनाशकें विकणाऱ्यास कृषि किंवा रसायन, वनस्पति, प्राणिशास्त्र अशा विषयांची पदवी असावी, असा नियम २०१५ सालीं झाला. त्यानंतर बेकार पदवीधराकडे एखादा ओळखीचा दुकानदार येतो व म्हणतो, ‘तुझी पदवी नुसती परवान्याला लाव. तुला दुकानांत यायलासुद्धां नको. वर्षाला कांहीं पैसे देत जाईन.’ घरीं अडचण असते. वडिलांनाहि वाटतें, कागद पेटींत पडून राहण्यापेक्षां चार पैसे आले तर बिघडलें काय?

बिघडतें तें असें. तो नियम झाला तो विष कोणाच्या हातून विकलें जातें, हें निश्चित व्हावें म्हणून. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणींत विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, हें आपण विसरलेलों नाहीं. कोणतीं दोन औषधें मिसळूं नयेत, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारूं नये, तोंडास व अंगास काय बांधावें, हें सांगणारा माणूस दुकानांत उभा असावा, हाच त्या पदवीचा अर्थ. पदवी भिंतीवर आणि पदवीधर घरीं, असें झालें म्हणजे त्या शेतमजुरास सांगणारें कोणीच उरत नाहीं. शिवाय मालाचा नमुना सदोष निघाला तर कागदावर नांव आपलें असतें. आणि दुसरीकडे नोकरी लागली, किंवा स्वतःचें दुकान काढावयाचें ठरलें, कीं आपलीच पदवी दुसऱ्याच्या परवान्यांत अडकलेली आढळते. तेव्हां दुकानदारास उत्तर द्यावें, ‘पदवी देत नाहीं, मी स्वतः येतों. पगारावर ठेवा.’ यांतून खरी पहिली नोकरी मिळालीच, तर ती मानाची होईल.

८. घरच्यांचें काम

कृषि शाखेंत मुलींची संख्या मोठी आहे. परंतु नोकरीचा प्रश्न आला कीं ‘फिरतीचें काम मुलीला नको’ म्हणून पुष्कळ घरीं विषय मिटतो. प्रयोगशाळा, बँक, पॅकहाउस, बियाण्यांची गुणवत्ता तपासणी, उत्पादक कंपनीचा कारभार हीं कामें बैठकीचीं आहेत. आणि फिरतीचें कामहि राहण्याची सोय, वाहन व परतण्याची वेळ यांची चौकशी करून स्वीकारतां येतें. निंदणी, वेचणी, दूध हीं कामें करणाऱ्या बायका मुलीपाशीं मोकळेपणीं बोलतात. हें तिचें बळ आहे. वडिलांनीं नकार देण्यापूर्वीं तिच्याबरोबर एकदां ती जागा पाहून यावी.

आणखी एक विनंति. पहिला पगार मजुरीपेक्षां फार मोठा नसला तर ‘याच्यासाठीं शिकविलें का?’ असें म्हणूं नये. आणि मुलानें शेतीच करावयाचें ठरविलें, तर तीहि नोकरीइतकीच विचारपूर्वक ठरलेली असावी. नोकरी मिळाली नाहीं म्हणून शेती, असें होऊं नये. ज्यांस पुढें माती तपासणी, रोपवाटिका किंवा सल्लाकेंद्र काढावयाचें आहे, त्यांच्यासाठीं केंद्र सरकारची ‘अ‍ॅग्रिक्लिनिक व अ‍ॅग्रिबिझनेस केंद्र’ ही योजना २००२ पासून आहे. तींत प्रशिक्षण मिळतें व कर्जावर अनुदानाची सोय आहे. परंतु कर्ज काढण्यापूर्वीं तो व्यवसाय दुसऱ्याच्या दुकानांत दोन वर्षें शिकलेला बरा. चूक तेथें स्वस्त पडते.

पहिली नोकरी आयुष्यभराची नसते. ती दोन हंगामांची शाळा आहे, व तिच्यांत विद्यार्थ्यासच पगार मिळतो. अशा दृष्टीनें तिच्याकडे पाहिलें, म्हणजे निवड सोपी होते व शोधाचा भार हलका होतो.

स्वाध्याय

१. आपल्या तालुक्यांत कृषि पदवीधरास काम देणाऱ्या दहा ठिकाणांची यादी करा. जाहिरात पाहूं नका, हिंडून करा.
२. कार्यानुभवांतील एक काम पीक, क्षेत्र, कृति व परिणाम या चार मुद्यांत साठ शब्दांत लिहा.
३. हरभऱ्यासाठीं हेक्टरीं २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद द्यावयाचें आहे. सिंगल सुपर फॉस्फेट व युरिया वापरून एकरीं मात्रा काढा, व ती आपल्या वडिलांस पिशव्यांच्या हिशेबांत समजावून सांगा.
४. परीक्षेचा मार्ग घेणार असाल तर प्रयत्न, खर्च व अखेरची तारीख लिहून त्या कागदावर घरच्यांच्या सह्या घ्या.